जुनी नाती आणि आजची नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्या, चाकण-भोसरीतले कारखाने, शाळांच्या स्टाफरूम, सीएंची छोटी ऑफिसं अशा सगळ्या ठिकाणांहून हे प्रश्न येतात. उत्तरांत एक क्रम मुद्दाम पाळला आहे. आज कामावर काय घडतंय ते आधी पाहायचं, जुन्या नात्यांकडे त्यानंतर जायचं. हा क्रम उलटा केला की नुकसान होतं. ते कसं, हे चौथ्या प्रश्नात आहे.

घरच्या नात्यांचा कामावरच्या वागण्याशी खरंच संबंध असतो का?

असतो, पण लोक समजतात तितका थेट नसतो. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी मांडलं की लहान मूल सांभाळणाऱ्या माणसाच्या वागण्यावरून दोन अंदाज बांधतं: गरज पडली तर कुणी धावून येईल का, आणि कुणी धावून यावं इतकी आपली किंमत आहे का. मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आई आणि बाळ यांचं निरीक्षण करून या अंदाजांचे ठळक नमुने दाखवले. १९८७ मध्ये सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर यांनी हीच चौकट मोठ्या माणसांच्या प्रेमसंबंधांना लावली आणि १९९० मध्ये नोकरीला.

नात्यांत निर्धास्त असणाऱ्यांना कामातही समाधान जास्त आणि अपयशाची भीती कमी, असं त्यात दिसलं. आपल्याला नाकारतील ही धास्ती बाळगणाऱ्यांना कामावरही नापसंतीची भीती असते. कौतुक झालं की त्यांच्यातले काही जण ढिले पडतात, कारण जे हवं होतं ते मिळालेलं असतं. जवळीक टाळणारे कामाचाच आडोसा करतात आणि माणसांत मिसळणं टाळतात.

हे माणसांचे कायमचे प्रकार नाहीत, कल आहेत. चांगला जोडीदार, समजूतदार वरिष्ठ किंवा नीट झालेली थेरपी यांनी ते बदलतात. फसवणूक, घटस्फोट, अचानक आलेला मृत्यू यांनीही बदलतात. म्हणून पस्तिशीत आलेला अनुभवसुद्धा इथे ‘जुनं नातं’ म्हणून मोजायचा. सगळं बालपणावर ढकलू नये.

कामावर हे नेमकं कुठे दिसतं?

कोड लिहिताना, हिशेब तपासताना किंवा मशीनवर काम करताना फारसं दिसत नाही. दिसतं ते मोकळ्या सोडलेल्या जागांत, म्हणजे समोरच्याच्या मनात काय आहे हे कळत नाही तिथे. मेलला दोन दिवस उत्तर नाही. अप्रेझलची तारीख पुढे गेली. मीटिंगला सगळ्यांना बोलावलं आणि आपलं नाव राहिलं. साहेब नेहमीसारखे हसले नाहीत. माहिती नसली की मन ती जागा भरतं, आणि भरायला त्याच्याकडे जुन्या नात्यांतलाच माल असतो.

भरण्याची तऱ्हा माणसागणिक वेगळी. एक जण तोच मेल तीनदा पाठवतो, वर फोन करून ‘काही चुकलं का सर?’ विचारतो. दुसरा गप्प होतो, कॅमेरा बंद ठेवतो आणि मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतो. तिसरी कुणी न सांगता दुप्पट काम करून ठेवते, म्हणजे बोट ठेवायला जागाच उरू नये. कृती तीन असल्या तरी भीती एकच असते, हे लक्षात न आल्यामुळे पहिल्याला चिकट, दुसऱ्याला मग्रूर आणि तिसरीला आदर्श कर्मचारी अशी लेबलं लागतात. तिसरीकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. ती आजारी पडते तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटतं.

आणखी दोन ठिकाणं सहसा निसटतात. पहिलं म्हणजे रजा मागताना. घरी काही मागितलं की ऐकून घ्यावं लागायचं, अशा घरात वाढलेली माणसं हक्काच्या रजेसाठीही परिच्छेदभर कारणं देतात. दुसरं म्हणजे सहकारी नोकरी सोडतो तेव्हा. निरोपाच्या दिवशी रागावणारा, किंवा जेवायला येणंच टाळणारा माणूस बहुतेकदा त्या सहकाऱ्यावर रागावलेला नसतो.

मॅनेजरचा ‘जरा बोलायचं आहे’ एवढाच मेसेज आला की पोटात गोळा येतो. काय करावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पहिली काही मिनिटं शरीराची असतात. धडधड, कोरडा घसा, हातापायांत गारवा. त्या वेळात उत्तर टाइप करू नका. श्वास आत घ्याल त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, साधारण चार मोजून आत आणि सहा मोजून बाहेर, दोन-तीन मिनिटं. जमलं तर जागेवरून उठा, पाणी भरून आणा.

मग एका ओळीत विचारा: ‘हो सर, बोलूया. कशाबद्दल आहे ते कळलं तर तयारी करून येतो.’ हे वाक्य फोनमध्ये लिहूनच ठेवा. घाबरलेल्या डोक्याला ऐन वेळी वाक्य जुळवता येत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवलं की ‘अमुक झालं तर मी तमुक करेन’ असं आधी नेमकं ठरवलेलं असेल, तर ते नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पार पडतं. ‘मी शांत राहीन’ हा निश्चय कामाचा नाही. ‘असा मेसेज आला तर आधी पाणी भरून आणेन, मग ठरलेली ओळ पाठवेन’ ही योजना कामाची.

इथे हमखास बिघडतं ते धीर मिळवण्याच्या नादात. माणूस शेजारच्या तिघांना विचारतो, ‘तुला काय वाटतं, कशाला बोलावलं असेल?’ तिघे तीन अंदाज देतात. पाच मिनिटं बरं वाटतं, मग भीती दुपटीने परत येते, आणि पुढच्या वेळी तिघांऐवजी पाच जण लागतात.

मॅनेजर मंडळींनाही इथेच सांगतो: मेसेजमध्ये विषय लिहा. ‘उद्याच्या डेमोबद्दल पाच मिनिटं बोलायचं आहे’ लिहायला दहा सेकंद लागतात आणि एखाद्याची अख्खी दुपार वाचते.

माझा बॉस अगदी माझ्या वडिलांसारखा वागतो. हे माझ्या मनाचं आहे की तो तसाच आहे?

दोन्ही असू शकतं, म्हणून वाटे वेगळे करायला शिकावं लागतं. नव्या माणसात जुन्या जवळच्या माणसाच्या दोन-तीन खुणा सापडल्या, तरी आपण उरलेलं सगळं चित्र जुन्यावरून पुरं करतो. सुझन अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात प्रयोगांतून हे दाखवलं. अशा वेळी लोकांना नव्या माणसाबद्दल न सांगितलेल्या गोष्टीही ‘सांगितल्या होत्या’ अशा आठवत. साहेबांचा चढा आवाज, चष्म्यावरून बघणं, ‘हे एवढंही जमत नाही?’ हा प्रश्न एवढं पुरतं.

वाटे असे करा. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात फक्त घडलेलं लिहा, कॅमेऱ्यात आलं असतं तेवढंच: ‘मंगळवारी सकाळी ११ वाजता सर म्हणाले, रिपोर्टमध्ये दोन आकडे चुकलेत.’ दुसऱ्यात तुम्ही लावलेला अर्थ: ‘मी बिनकामाचा आहे असं त्यांना वाटतं.’ तिसऱ्यात: हे वाक्य आधी कुणाच्या तोंडून ऐकलं आहे? दोन आठवडे लिहा. पहिला रकाना मोकळा आणि दुसरा भरलेला दिसला, तर जुना वाटा मोठा आहे. पहिल्यातच सगळ्यांसमोर अपमान, शिव्या, रात्री अकराचे फोन, रजेच्या दिवशी कामं असं भरून आलं, तर आजचा वाटा मोठा आहे आणि तुमच्या बालपणाचा इथे काही संबंध नाही.

सुरुवातीला सांगितलेलं नुकसान हेच. त्रासदायक वरिष्ठाखाली भरडला जाणारा माणूस ‘माझ्याच बालपणात काहीतरी आहे’ म्हणून स्वतःची उस्तवार करत बसतो आणि तक्रार, बदली किंवा नवी नोकरी यांतलं काहीच करत नाही. गृहकर्जाचा हप्ता, नोकरकपातीची टांगती तलवार, ९० दिवसांचा नोटीस पिरियड, जातीवरून किंवा बोलीवरून मारलेले टोमणे ही कारणं मनाची नसतात. सोबतच्या दोघांना वेगवेगळं विचारा: तुमच्याशी ते कसे वागतात? तिघांचा अनुभव जुळला तर उत्तर मिळालं.

मी कामाला ‘नाही’ म्हणूच शकत नाही. घरीही तसंच आहे.

घरातली थोरली, ‘आमची अगदी समजूतदार’ म्हणून कौतुक झालेली मुलगी किंवा वडिलांच्या माघारी लवकर कमावता झालेला मुलगा, यांच्यात हे फार आढळतं. दुसऱ्याची गरज ओळखून ती आधीच भागवली की घर शांत राहायचं. ऑफिसात हे कौशल्य म्हणून गाजतं, आणि टीममधलं कुणीही न घेतलेलं काम तुमच्या टेबलावर येतं.

एकदम मोठा नकार देऊ नका. पायऱ्या लावा. पहिला आठवडा फक्त उत्तर लांबवायचं: ‘हातातलं बघून चार वाजता सांगते.’ सवयीचं ‘हो हो, करते ना’ तोंडातून निघायच्या आत हे वाक्य यायला हवं, एवढाच सराव. दुसऱ्या आठवड्यात अदलाबदल: ‘हे आज घेतलं तर इन्व्हॉइसचं काम गुरुवारवर जाईल. चालेल का सर?’ निर्णय वरिष्ठांच्या हातात जातो आणि किंमत त्यांना दिसते. तिसऱ्या आठवड्यात साध्या सहकाऱ्याला साधा नकार: ‘या वेळी जमणार नाही रे.’ कारण एकच, एका वाक्यात. तीन कारणं दिली की समोरचा तिन्हींवर तोडगे सुचवतो.

नकारानंतर अपराधी वाटणारच. ते वाटलं म्हणून नकार चुकीचा ठरत नाही. या टप्प्यावर पुष्कळ जण तासाभराने परत जाऊन ‘बरं, दे, करते’ म्हणतात. तसं झालं तर आधीच्या ‘हो’पेक्षा वाईट, कारण थोडा जोर लावला की तुम्ही वाकता हे समोरच्याला कळतं. ते तास-दोन तास निभावणं हाच खरा सराव आहे.

माझं उलट आहे. मला कुणाची मदत नको असते, काम वाटून देणंही नको वाटतं.

मदत मागितली आणि मिळाली नाही, किंवा मिळाली पण पुढे वर्षभर ऐकवली गेली, असं वारंवार झालं की माणूस मागणं सोडतो. एकट्याने काम करेपर्यंत हे चालतं. टीम लीड झालं की अडतं. रात्री दहाला स्वतः कोड दुरुस्त करणारा लीड ज्युनिअरला शिकूही देत नाही.

एक छोटं, उलटवता येईल असं काम निवडा आणि ते देतानाच तपासणीच्या दोन वेळा ठरवा: साधारण तिसरा हिस्सा झाल्यावर एकदा आणि दोन तृतीयांश झाल्यावर एकदा. मधे डोकवायचं नाही. पूर्ण झाल्यावर तपासलं तर उशीर झालेला असतो, मग ‘बघा, शेवटी मलाच करावं लागलं’ हा जुना समज पक्का होतो. काम ८० टक्के तुमच्यासारखं झालं तर तसंच पुढे जाऊ द्या.

घटस्फोट चालू आहे. ऑफिसात कुणाला, किती सांगावं?

लपवण्यात फार शक्ती जाते आणि सगळं सांगून टाकण्यात पुढे पस्तावा होतो. वरिष्ठांना तीन गोष्टी पुरेत: काय चालू आहे ते एका वाक्यात, कामावर काय परिणाम होऊ शकेल, आणि काय हवंय. ‘मॅडम, माझी घरगुती कोर्टकेस चालू आहे. पुढचे काही महिने शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात तारखांना जावं लागेल. तारीख कळली की लगेच सांगेन, त्या दिवशी अर्धी रजा लागेल.’ दोष कुणाचा, हे सांगायची गरज नाही.

परस्पर संमतीच्या घटस्फोटातही हिंदू विवाह कायद्यानुसार दोनदा कोर्टापुढे यावं लागतं, आणि मधला सहा महिन्यांचा काळ योग्य कारण असल्यास कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा हे दोन आठवड्यांत उरकेल असं गृहीत धरून रजा संपवू नका. निकालानंतर पीएफचं नॉमिनेशन आणि ग्रुप मेडिक्लेममधली नावं स्वतः बदलून घ्या. एचआर आपणहून करेल असं समजू नये.

या काळात चुका ठरावीक जागी होतात. पॅन्ट्रीत भेटणाऱ्या एकाच सहकाऱ्यापाशी रोज मन मोकळं करणं, हा विषय अप्रेझलच्या बोलण्यात आणणं, आणि ‘पुणंच नको’ म्हणून तडकाफडकी राजीनामा. मोठा निर्णय घ्यायचाच तर झोप किमान महिनाभर बरी लागू लागल्यावर घ्या. न झोपलेल्या माणसाला आजचं दुःख कायमचं वाटतं.

ऑफिसातलंच नातं तुटलं आणि आता एकाच टीममध्ये आहोत.

कामाचं बोलणं ग्रुपवर किंवा मेलवर ठेवा, खासगी चॅट बंद. हॅन्डओव्हर लेखी. ‘मित्र म्हणून राहू’ हे पहिल्या तीन महिन्यांत ठरवू नका. सहकाऱ्यांना बाजू घ्यायला लावू नका. शक्य असेल तर टीम बदलून मागा. त्यासाठी ‘कामाच्या कारणाने’ एवढं सांगितलं तरी चालतं.

एकाने स्पष्ट नकार दिल्यावरही दुसरा मेसेज, पाठलाग, धमक्या थांबवत नसेल, तर ते प्रेमभंगाचं दुःख म्हणून सोडून द्यायचं नाही. कामाच्या ठिकाणी महिलेला असा लैंगिक स्वरूपाचा त्रास होत असेल तर २०१३ चा कायदा लागू होतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. स्क्रीनशॉट तारखेसह जपा, डिलीट करू नका.

घरी मारहाण होते. त्याचा कामावर होणारा परिणाम कसा सांभाळू?

इथे वह्या आणि श्वासाचे व्यायाम नंतर. आधी सुरक्षितता. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. विश्वासातल्या एका वरिष्ठ व्यक्तीला सांगून रिसेप्शन आणि सिक्युरिटीला त्या माणसाचं नाव आणि फोटो द्या, कॅबची वेळ आणि उतरण्याची जागा बदलून घ्या, डेस्कचा नंबर कुणाला न देण्याची सूचना करा. कागदपत्रं आणि थोडे पैसे घराबाहेर ठेवा. पगार कोणत्या खात्यात जातो आणि त्याचं एटीएम कार्ड कुणाकडे आहे, हेही तपासा.

सहकाऱ्यांना बाहेरून दिसतं ते सतत वाजणारा फोन, अचानक रजा, चुकणारी कामं. त्यावर शिस्तीची नोटीस काढण्याआधी एकांतात, दार लावून, ‘सगळं ठीक आहे ना? काही लागलं तर मला सांग,’ एवढं विचारावं.

मी टीम लीड आहे. एखाद्याचं वागणं जुन्या जखमेतून येतंय हे जाणवलं तर?

निदान करू नका आणि ‘तुझ्या घरी काही प्रॉब्लेम होता का?’ हे तर अजिबात विचारू नका. तुमच्या हातात एकच औषध आहे, ते म्हणजे अंदाज येईल असं वागणं. आठवड्यातून ठरलेल्या वेळी अर्धा तास भेटा आणि ती भेट रद्द करू नका. पुढे ढकलावी लागली तर त्याच क्षणी नवी वेळ द्या. सतत धास्तावलेल्या माणसाला तासभर समजावण्यापेक्षा सहा आठवडे न चुकलेल्या भेटींचा जास्त उपयोग होतो.

चूक सांगताना काय घडलं, त्याने काय अडलं, पुढच्या वेळी काय हवं, एवढंच. ‘तू नेहमीच’ हे दोन शब्द टाळा. शॉप फ्लोअरवर मशीनच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागतं हे खरं, पण चूक ओरडून सांगू नये. लाइनच्या बाजूला नेऊन सांगा. गप्प होणाऱ्या माणसाला लगेच उत्तर मागू नका: ‘विचार कर, उद्या बोलू’ म्हणा आणि उद्या खरोखर बोला.

स्वतःचं स्वतः काय करता येईल?

वर दिलेली तीन रकान्यांची वही, हे पहिलं. त्यापुढे विवेकनिष्ठ उपचारपद्धती वाचा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५० च्या दशकात मांडली आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोचवली, त्यामुळे तिच्यावर मराठीत चांगलं साहित्य मिळतं. तिचा कामाचा भाग असा: साहेब रागावले म्हणून मी कोलमडलो, असं नसून ‘त्यांनी माझ्यावर कधीच रागावता कामा नये’ या हट्टाने मी कोलमडलो. हट्टाच्या जागी इच्छा ठेवायची: ‘ते रागावले नाहीत तर बरं, रागावले तर वाईट वाटेल, पण मी निभावेन.’

तुटलेल्या नात्याबद्दल सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, कुणाला न दाखवता लिहिणं ही मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांची पद्धतही सोपी आहे. लिहून झाल्यावर थोडा वेळ उदास वाटतं, म्हणून ते मीटिंगच्या आधी करू नका. घटना अगदी ताजी असेल किंवा लिहिताना दम कोंडत असेल तर थांबा, ते तज्ज्ञासोबत करायचं काम आहे.

तज्ज्ञाकडे कधी आणि कुणाकडे जावं?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप न लागणं, भूक न लागणं, कशातही रस नसणं असं चालू असेल, रोज कामावर जाण्याआधी उलटीची भावना होत असेल, दारू वाढली असेल, किंवा तिसऱ्या नोकरीतही भांडण त्याच वळणावर येत असेल, तर जा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर आजच. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आणि चोवीस तास चालू आहे, मराठीत बोलता येतं.

औषधं मनोविकारतज्ज्ञ देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती तपासता येते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र बरेच जण लावतात, म्हणून शिक्षण आणि देखरेखीखालचा अनुभव पहिल्याच भेटीत विचारा. नीट माणूस त्यावर रागावत नाही. खर्च परवडत नसेल तर ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. कंपनीची मोफत समुपदेशन सेवा वापरणार असाल तर आधी विचारा: माझं नाव एचआरला कळतं का, नोंदी कुठे राहतात, वर्षाला किती भेटी मिळतात.

फरक पडायला किती वेळ लागतो?

विचार आणि वागणूक यांवर काम करणाऱ्या उपचारांना साधारण १२ ते २० भेटी लागतात. बालपणातला अत्याचार किंवा मोठा आघात असेल तर याहून बराच जास्त. पुष्कळ जण चौथ्या-पाचव्या भेटीनंतर सोडतात, कारण साहेबांचा मेसेज आला की पोटात गोळा अजून येतोच. गोळा येणं सगळ्यात शेवटी कमी होतं. आधी कमी होतो तो सावरायला लागणारा वेळ: अख्खा शनिवार-रविवार जायचा तिथे एक संध्याकाळ जाते, मग तासभर. म्हणून त्याच वहीत चौथा रकाना आखा आणि प्रत्येक वेळी किती वेळाने पुन्हा कामाला लागलात ते लिहा. दर भेटीला तो रकाना तज्ज्ञाला दाखवा. सहा भेटींनंतरही तो तसूभर हलला नसेल तर पद्धत बदलण्याबद्दल त्यांच्याशी स्पष्ट बोला.